मागीलदारचं पान

१७ जानेवारी २०२३, मंगळवार, सकाळी साडेअकरा. रक्कम बेचाळीस लाख रुपये, पैकी एक लाख विसार, चेकने. हजर: काका, काकांचा पुण्याहून आलेला मुलगा, जमीन घेणारे गृहस्थ, त्यांचे वकील आणि मी. माझी बायको चहा घेऊन दोनदा बाहेर आली, पण बसली नाही, म्हणून तिला हजर धरत नाही.

जमीन खाडीकाठची, एकतीस गुंठे. आजोबांच्या मागे ती काका आणि माझे वडील यांच्या नावावर झाली होती. वडील वारले, आई वारली, मी एकुलता एक. म्हणजे दोन वाटे, प्रत्येकी एकवीस लाख. जमिनीच्या एका कोपऱ्यात दोन गुंठ्यांत एक मातीचं घर होतं आणि त्यात एक म्हातारी एकटी राहत होती. तिला उठवण्याची जबाबदारी आमची, असं काकांनी त्याच बैठकीत लिहून दिलं.

वकिलांना वंशावळ हवी होती. तीन पिढ्यांची, प्रतिज्ञापत्रासह, आणि जमीन आमच्याकडे मुळात कशी आली त्याचा जुना फेरफार.

चुलतभाऊ माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ह्यां काम दादा करतलो. तेका एक रुपयो चुकलो तर जेवाण जाणा नाय."

सगळे हसले, मीही हसलो. एका पतसंस्थेत मी अठ्ठावीस वर्षं हिशेब लिहितो. जुळवाजुळव मला आवडते. कोणी सांगितलं नसतं तरी हे काम मीच घेतलं असतं.

आमच्या घरात मूळपुरुषाची एक गोष्ट होती. पणजोबा देवगडकडचे तांडेल, गलबतावरून इकडे आले, खाडीत नांगर टाकला, जागा आवडली, रोख पैसे मोजून जमीन घेतली. शाळेत मी ही गोष्ट पुष्कळांना सांगितली आहे. गलबताला दोन डोलकाठ्या होत्या, हे माझं स्वतःचं.

दुसरी एक गोष्ट होती, ती कोणी सांगत नसे, फक्त करत असत. भाद्रपदात आमच्याकडे म्हाळ असतो. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर. पुढच्या पडवीत पितरांची पानं मांडतात, भटजी एकेक नाव विचारतात, आम्ही सांगतो. कावळ्याचं पान वेगळं, गाईचं वेगळं. हे सगळीकडेच असतं. आमच्याकडे याखेरीज एक पान मागीलदारी, न्हाणीशेजारच्या पायरीवर मांडत. त्यावर सगळे पदार्थ असत, पण नाव घेतलं जात नसे. पानं वाढून झाली की खाडीकडच्या वाटेने एक बाई येई, पायरीवरून ते पान उचली, दुमडून फडक्यात बांधी आणि निघून जाई. उंबरा ती कधी ओलांडत नसे. आम्ही पोरं तिला पानवाली म्हातारी म्हणायचो. तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती, हे मला आता वजाबाकी केल्यावर कळतं.

आजोबा होते तोवर ते पान स्वतः मांडत, बायकांना हात लावू देत नसत. ती वाटेच्या वळणापलीकडे जाईपर्यंत मागीलदारी उभे राहत, मग हात धुऊन जेवायला बसत. एका वर्षी मी आणि चुलतभावाने तिच्या वहाणा लपवल्या. आजोबांनी मला उभ्या आयुष्यात मारलं ते त्या एकाच दिवशी. त्यानंतरच्या वर्षी ते गेले. मी नऊ वर्षांचा होतो. पुढे वडिलांनी ते पान चालू ठेवलं, मग मी. आईने माझ्या बायकोला या घरात आल्यावर तीन गोष्टी सांगितल्या होत्या. विहिरीची कळशी उपडी ठेवू नको, सासऱ्यांना रात्री ताक देऊ नको, आणि म्हाळाला मागीलदारचं पान चुकवू नको. का, ते आईलाही ठाऊक नव्हतं.

खाडीकाठच्या त्या मातीच्या घरात राहणारी म्हातारी ती हीच.

फेब्रुवारीत मी तीन शुक्रवार रजा काढून तहसील कचेरीत घालवले. तिसऱ्या शुक्रवारी जुना फेरफार मिळाला. तो मोडीत होता. तिथल्या कारकुनाने नक्कल दिली आणि म्हणाला, "साहेब, आमच्याकडे आता हे वाचणारं कोणी नाही. वेंगुर्ल्याला एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांच्याकडे जा."

शनिवारी मी वेंगुर्ल्याला गेलो. मास्तर ऐंशीच्या पुढचे. भिंग घेऊन खिडकीपाशी बसले आणि बोट ठेवून वाचू लागले. गावाचं नाव, सर्व्हे नंबर, आकार. मी वहीत उतरवून घेत होतो. मग खातेदाराचं नाव आलं आणि ते बाईचं होतं. मी म्हटलं, "पुन्हा बघा." त्यांनी पुन्हा तेच नाव वाचलं.

ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. म्हाळाला भटजी पणजीचं नाव विचारत तेव्हा आम्ही भलतंच सांगत होतो. आजोबांनी सांगितलेलं वडिलांनी, वडिलांनी सांगितलेलं मी.

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. "पुढे धंदा लिहिला आहे," ते म्हणाले. "वाचू? बरेच जण इथे मला थांबवतात."

"वाचा."

"देवस्थान चाकरी. भावीण."

मास्तर प्रमाण मराठीत, शाळेत शिकवावं तसं सावकाश बोलत होते. पुढचं त्यांनी न थांबता वाचलं. खातेदार बाई मयत. वारस मुलगा एक, मुलगी एक. मुलीने आपला हक्क भावास सोडला असे तोंडी सांगितले, सबब मुलाचे नाव दाखल. मुलाचं नाव माझ्या आजोबांचं होतं. बापाच्या नावाच्या जागी काहीच नव्हतं.

भावीण म्हणजे काय, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही, पण पुढच्या पिढीला लागेल. देवळाच्या सेवेला वाहिलेली बाई. देवळाचं अंगण झाडायचं, दिवाबत्ती करायची, पालखीपुढे चवरी ढाळायची. तिचं लग्न देवाशी लागलेलं असे, माणसाशी लागत नसे. गावातली मोठी माणसं तिच्या घरी जात आणि तिच्या मुलांना बापाचं नाव मिळत नसे. पुढे कायद्याने ती प्रथा बंद झाली.

"मुलीचा अंगठा आहे का?" मी विचारलं.

मास्तरांनी नक्कल उलटी करून पाहिली. "नाही. दोन पंचांच्या सह्या आहेत. ती स्वतः हजर होती, असंही कुठे म्हटलेलं नाही."

त्यांना किती द्यायचे विचारलं तर म्हणाले, दोनशे. मी तीनशे ठेवले. त्यांनी शंभर परत केले आणि दारापर्यंत आले. वाटेत एसटीत मी ती वही तीनदा उघडली. पणजोबा खोडायचे होते, पण त्यांच्या जागी कोणाला लिहायचं ते माहीत नव्हतं. मी ती ओळ कोरी सोडली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी खाडीकाठी गेलो. म्हातारी खळ्यात माडाची चुडतं विणत बसली होती.

"ये रे," ती म्हणाली. "आज खंयसून? म्हाळ तर लांब आसा."

जुना कागद सापडला, असं मी सांगितलं.

"सापडलो?" तिचे हात थांबले नाहीत. "माका वाटला, तुझ्या आज्यान जाळल्यान आसतलो."

"तुमका ठावक होता?"

"माका नसतला तर कोणाक आसतला? माझ्या आवशीचो सख्खो भाव तो."

मी मनात मांडणी केली. फेरफारातली मुलगी म्हणजे हिची आई. म्हणजे ही माझ्या वडिलांची आतेबहीण. "म्हणजे तुमी माझी आत्या," मी म्हटलं.

"इतको हिशेब करूक तुका बावन वर्सां लागली," ती म्हणाली आणि हसली. "आणि म्हणतत, हो बँकेत आसा."

"पतसंस्थेत."

"तांच तां."

मग तिने सांगितलं ते थोडक्यात असं. आजोबा वीस-एकवीस वर्षांचे असताना त्यांची आई गेली. त्यांना चांगल्या घरात लग्न करायचं होतं. त्यांनी देवळामागचं घर सोडलं, दुसऱ्या वाडीत आले, तांडेल बाप उभा केला. बहिणीला सांगितलं की नातं कुठे बोलायचं नाही. त्याबदल्यात तिला शेताच्या कोपऱ्यात राहायला जागा, आणि वर्षातून एकदा आईचं पान. तिचा वाटा तिची मुलगी मोठी झाल्यावर लावून देऊ, असंही म्हणाले होते. मुलगी मोठी झाली, म्हातारी झाली. हक्क सोडल्याचं ते तोंडी सांगणं कधी झालंच नाही.

"आवशीक कोणी इचारूकच नाय," ती म्हणाली. "त्या दिवसा ती देवळात शेण सारवत होती."

हिचं लग्न झालं नाही. दोनदा जमत आलं, दोन्ही वेळा पलीकडच्यांनी बापाचं नाव विचारलं. काजूच्या कारखान्यात एकतीस वर्षं बिया सोलल्या. तिची बोटं तेलाने काळवंडलेली होती, मला ती लहानपणी मळकी वाटायची.

मी आकडे सांगितले. जमीन मूळ तुमच्या आजीची, वारस दोन, म्हणजे अर्धी तुमच्या आईची आणि तिच्या मागे तुमची. बेचाळीसपैकी एकवीस लाख. उरलेल्या एकवीसमध्ये काका आणि मी.

तिने चुडत बाजूला ठेवलं. "पैसे माका कित्याक रे? कोणाक ठेवू?" मग म्हणाली, "एक काम कर. ह्या वर्सा आजयेचा पान पुढीलदारी वाड. सगळ्यांच्या वांगडा. नाव घेवन. माका एकदा बगूचा आसा. आवशीन चाळीस वर्सां मागीलदारी उबी रवान घेतल्यान, मी आटेचाळीस घेतलंय."

अठ्ठ्याऐंशी पानं. मी हो म्हटलं. तेव्हा मला ते फार स्वस्त वाटलं होतं.

काकांना त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "माका ठावक आसा. बाबांनी जाताना माका सांगल्यानी. तुझ्या बापाशीक मी सांगूक नाय."

"मगे आता?"

"आता काय? तीन पिढ्ये वकिलाक व्हयेत. तुझो आजो, तुझो बापूस, तू. झाले तीन. तेच्या वरती कित्याक चडतंस?"

"काका, तिचो अर्धो वाटो आसा."

"आसा. आणि तुझ्या चेडवाक बगूक येतत ते इचारतले, पणजी कोण? तेवा सांग तेंका अर्धो वाटो." ते उठले, पुन्हा बसले. "मी शिक्षक म्हणान छत्तीस वर्सां ह्या गावात फिरलंय. देवळात माका नारळ मिळता. आता माका ह्या वयात ह्यां नको रे."

शेवटचं वाक्य ते खालच्या आवाजात बोलले. काकांना मी तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मी घरी येऊन मोजलं. आजोबा, वडील, मी. तीन. मागितल्या तेवढ्याच पिढ्या, त्यात एकही खोटी नाही. असं म्हणत मी वंशावळ आजोबांपासून काढली. जुन्या फेरफाराची नक्कल जोडली नाही. वकिलांना सांगितलं, मोडीतली आहे, वाचणारं कोणी मिळत नाही. ते म्हणाले, आजोबांच्या नावापासून चालेल. प्रतिज्ञापत्राच्या शेवटी छापील ओळ होती: 'वरील व्यतिरिक्त अन्य वारस नाहीत.' तिच्याखाली मी सही केली. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून चुकीच्या बेरजेखाली सही झालेली नाही. इथे बेरीज चुकलेली ठाऊक असून मी सही केली.

२ मे २०२३ ला खरेदीखत झालं. विसारासह माझ्या खात्यात एकवीस लाख जमा झाले. त्यातले साडेदहा लाख माझे नव्हेत, हे मी बायकोला सांगितलं. मुलीच्या फीसाठी आमचं कर्ज होतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, द्यायचे तर आत्ताच देऊन टाका, घरात राहिले तर जाणार नाहीत.

तिचं बरोबर होतं. पण काकांनी बजावलं होतं की वर्षभर या जमिनीवरून कुठे चर्चा नको, घेणारा बिथरेल. म्हातारीला एकदम मोठी रक्कम दिली तर गाव विचारणार. म्हणून मी साडेदहा लाख एका वर्षाच्या मुदत ठेवीत टाकले, सात टक्क्यांनी. मुदतीअंती ११,२५,४५२. म्हटलं, वर्षाने तिला व्याजासह देऊ, तिचाच फायदा.

काकांनी तिला घर सोडण्याबद्दल पंचाहत्तर हजार दिले. बाजाराच्या मागे एका बाईच्या परसातली खोली दीड हजार भाड्याने मिळाली. सामान टेम्पोची अर्धी फेरी भरलं. मातीचं घर जेसीबीने अकरा मिनिटांत पाडलं. मी तिथे होतो. ती नव्हती.

भाद्रपद आला. म्हाळाच्या आदल्या दिवशी काका आले आणि पुढच्या पडवीत बसूनच म्हणाले, "उद्या मी जेवूक येतंय. भटजीक काय नवीन सांगणार नाय ना?" जमिनीचा नवा फेरफार अजून मंजूर झालेला नव्हता, कोणाच्या तरी बांधाच्या हरकतीने अडकला होता. मी म्हटलं, नाही.

दुसऱ्या दिवशी भटजींनी पणजीचं नाव विचारलं. मी तेच जुनं, चुकीचं नाव सांगितलं. काका समोर होते. पान मागीलदारी मांडलं, ते मात्र या वर्षी मी स्वतः मांडलं.

ती रिक्षाने आली. वाटेवरून चालणं आता तिला जमत नव्हतं. नवी साडी नेसली होती. निळी, काठाला अजून घडीची रेघ होती. ती घराला वळसा घालून मागे आली नाही, पुढच्या अंगणात तुळशीपाशी थांबली. पडवीतली पानं तिने पाहिली. मोजली असावीत. सहा होती. मग ती घराला वळसा घालून मागे गेली.

मी आतून धावत मागीलदारी पोचलो. ती पायरीशी वाकली होती.

"आत्या," मी म्हटलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. "पुढच्या वर्सा. नक्की. फेरफार झालो काय…"

"बरां," ती म्हणाली. पान दुमडलं. तिला गाठ मारता येईना, मी फडक्याची गाठ मारून दिली. "खीर चांगली झाली आसा दिसता. वासान कळता."

मी रिक्षापर्यंत सोडायला गेलो नाही. पडवीत भटजी वाट बघत होते.

डिसेंबरात ती आजारी पडली. मी दोनदा जाऊन आलो, औषधं दिली. ठेव मोडून पैसे द्यावेत असं एकदा मनात आलं होतं. मुदतीआधी मोडली तर एक टक्का कमी मिळतं, म्हणजे सुमारे साडेसहा हजारांचं नुकसान. ते तिचं नुकसान होईल, असं मी स्वतःला म्हटलं. आणि पान तर भाद्रपदाशिवाय मांडता येत नाही. दोन्ही गोष्टींना माझ्याकडे तारखा होत्या.

२०२४ च्या मार्चमध्ये, ठेव पिकायला सहा आठवडे असताना, ती गेली. खोलीच्या मालकिणीचा सकाळी सातला फोन आला.

स्मशानात आठ माणसं होती. लाकडं रचून झाली आणि प्रश्न आला. देवळातले एक जुने मानकरी म्हणाले, "आग कोण देतलो? हिचा कोण आसा?"

"मी देतंय," मी म्हटलं.

"तू कित्याक? तुझो काय संबंध?"

सात माणसं माझ्याकडे बघत होती. त्यात काका नव्हते. कोणीही मला अडवलं नसतं. फेरफार जानेवारीतच मंजूर झाला होता.

"आमच्या जमनीत रवत होती," मी म्हणालो.

"मगे ठीक आसा," मानकरी म्हणाले. "पुण्य लागतला तुका."

मी अग्नी दिला. लाकडांचे साडेपाच हजार मी दिले, खोलीचं त्या महिन्याचं भाडं दीड हजार दिलं. मालकिणीने मला आत बोलावलं आणि फडताळातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात पासबुक होतं, निळी साडी होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार पाचशेच्या नोटा.

"हे पैसे तिने वेगळे ठेवलेले," मालकीण म्हणाली. ती घाटावरची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेली. "मला म्हणाली, मी नसले तर त्याला दे. भाद्रपदात एक पान मांडायचंय, त्याचा खर्च म्हणून. त्याला पैशाची अडचण असेल, म्हणून राहिलं असेल, असं म्हणत होती."

मी नोटा दोनदा मोजल्या. दोन हजारच होते. पासबुकात काकांच्या पंचाहत्तर हजारांतले सव्वीस हजार शिल्लक होते. वारस म्हणून कोणाचं नाव लावलेलं नव्हतं.

मे महिन्याच्या आठ तारखेला माझी ठेव पिकली. ११,२५,४५२. आता ते कोणाचे, हे शोधायला मी माझीच वही उघडली. तिला नवरा नाही, मूल नाही, भाऊबहीण नाही. आईला बहीण नाही, भाऊ एकच. त्याची मुलं दोन: काका आणि माझे वडील. म्हणजे तिचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक काका आणि मी. मी ती मांडणी वरून खाली आणि खालून वर तपासली. चूक नव्हती. जे तिला द्यायचं होतं, ते वारसाने माझ्याकडेच परत येत होतं. बायकोला दाखवलं तर तिने वही मिटून दिली आणि म्हणाली, "माका ह्यां दाखवू नका."

मी बँकेला काही कळवलं नाही. सूचना दिली नाही तर ठेव आपोआप पुढच्या वर्षासाठी चालू राहते. ती तशी चालू राहिली आहे.

त्या वर्षीचा म्हाळ आला. काकांना मी आदल्या दिवशी जाऊन सांगितलं की उद्या खरं नाव घेणार. ते म्हणाले, "माझी तब्बेत बरी नाय. मी येणार नाय." ते आले नाहीत. त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, दादा, म्हातारी गेली, आता कोणासाठी?

पडवीत आधीची सहा पानं मांडली. सातवं मी मांडलं, भिंतीकडून पहिलं. भटजींनी पणजोबांचं नाव विचारलं. मी म्हटलं, ठाऊक नाही. ते थांबले, मग पुढे गेले. पणजीचं विचारलं, तेव्हा मी फेरफारातलं नाव सांगितलं. भटजी म्हणाले, "गेल्या वर्षी वेगळं होतं."

"ते चुकीचं होतं," मी म्हटलं.

त्यांनी ते नाव घेतलं. पाणी सोडलं. मग विचारलं, "आणखी कोणी?" मी म्हातारीचं नाव सांगितलं. नातं विचारलं. "आत्या." पडवीत त्या वेळी भटजी, मी, बायको आणि मुलगी, एवढीच माणसं होती. मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला रात्री सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "ती आली होती तेव्हा तुम्ही का नाही घेतलं नाव?"

बायकोने सवयीने मागीलदारीही एक पान मांडलं होतं. ते संध्याकाळपर्यंत पायरीवर तसंच होतं. मग मी खाडीवर जाऊन सोडून आलो.

त्या दिवसाचा खर्च मी वेगळा लिहिला आहे. केळीची पानं साठ, काळे वाटाणे आणि गूळ दोनशे चाळीस, दूध एकशे ऐंशी, तांदूळ घरचे, भाजी नव्वद, नारळ एकशे पाच. भटजींना दक्षिणा पाचशे एक. एकूण अकराशे शहात्तर. हे सगळे तिने ठेवलेल्या दोन हजारांतून दिले. उरलेले आठशे चोवीस त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या भाद्रपदासाठी ठेवले आहेत.